वजनकाटा नसलेले प्रकल्प

तालुका पातळीवरच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून दिंडोरीला जाण्याचा योग आला. एका मोठ्या वर्गात ओळीने टेबले मांडली होती. त्यांपैकी सहा टेबलांवर विषय एकच होता : कचरा व्यवस्थापन. विषय उत्तम. शाळेत करता येण्याजोगा, खर्च नसलेला आणि ज्याचा कच्चा माल दारातच मिळतो असा. त्यामुळे आम्ही या सहा टेबलांपाशी मुद्दाम जास्त वेळ थांबलो. त्यांतल्या पाच टेबलांनी आमची निराशा केली. ती का केली, हे आमच्या शिक्षक मित्रांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच. टीका मुलांवर नाही. त्यांनी कष्ट भरपूर घेतले होते. टीका आहे ती आपण, म्हणजे शिक्षकांनी, मार्गदर्शकांनी आणि आमच्यासारख्या परीक्षकांनी मिळून घडवलेल्या एका साच्यावर.

साचा असा. मागे एक तक्ता. त्यावर एखाद्या महानगरात रोज किती हजार टन कचरा निघतो त्याचा आकडा. शेजारी हिरवा आणि निळा असे दोन डबे. पुढे थर्माकोलच्या पत्र्यावर उभारलेली खतनिर्मिती केंद्राची प्रतिकृती. बाजूला 'टाकाऊतून टिकाऊ' वस्तू. शेवटी एक घोषवाक्य. टेबल बदलले, तरी यात फारसा फरक पडत नव्हता. येथे आठवण करून द्यावीशी वाटते, की थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्राने २०१८ सालीच बंदी घातली. कचऱ्यावरचा प्रकल्पच भंगारवाला घेत नाही अशा कचऱ्याची भर घालत होता!

पहिल्या टेबलावरच्या मुलाला आम्ही विचारले, "तुमच्या घरी काल किती कचरा निघाला?" तो तक्त्याकडे पाहू लागला. तक्त्यावर उत्तर नव्हते. दुसऱ्या टेबलावर विचारले, तर उत्तर आले, "सर, एक बादली." बादली केवढी? दाबून भरलेली की सैल? त्यात काय होते? हे कोणी पाहिले नव्हते. पाचही टेबलांवर वजनकाटा नव्हता. लांबी न मोजता आपण मुलांना लंबकाचा प्रयोग करू देऊ का? मग कचऱ्याचा अभ्यास वजनाशिवाय कसा चालतो?

न मोजल्याची किंमत

हा केवळ शाळकरी दोष आहे असे कोणी समजू नये. मोठ्यांनीही तो केला आहे आणि त्याची किंमत कोट्यवधी रुपयांत मोजली आहे. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली कचरा जाळून वीज निर्माण करणारा प्रकल्प उभा राहिला. तंत्रज्ञान डेन्मार्कचे, क्षमता रोज ३०० टन. तो जेमतेम २१ दिवस चालला आणि बंद पडला. कारण साधे होते. युरोपातल्या कचऱ्यात कागद, पुठ्ठा, प्लास्टिक यांचे प्रमाण मोठे. तो कोरडा आणि चांगला जळणारा. आपल्याकडच्या कचऱ्यात भाजीपाला, माती, राख आणि पाणी जास्त. शिवाय जळण्याजोगा कागद-पुठ्ठा वेचक आधीच उचलून नेतात. उरलेल्या ढिगात स्वतःच्या बळावर जळण्याइतकी उष्णता नव्हती. यंत्र चांगले होते. ते दुसऱ्याच कचऱ्यासाठी बनवलेले होते.

दिंडोरीतल्या मुलांच्या तक्त्यावर महानगराचे आकडे उतरवणे ही याच चुकीची छोटी आवृत्ती आहे. आणि ते आकडे दिंडोरीला लागू का पडत नाहीत, हे आम्हाला सहाव्या टेबलाने शिकवले.

सहावे टेबल कोपऱ्यात होते. त्यावर प्रतिकृती नव्हती. दोरी लावलेला एक ताणकाटा, चार पिशव्या आणि एक शंभरपानी वही, एवढेच. नववीतल्या एका मुलीने आपल्या आणि शेजारच्या तीन घरांचा कचरा सात दिवस रोज संध्याकाळी तोलला होता. वहीतल्या एका रकान्यात बहुतेक दिवशी एकच नोंद होती : 'भाजीची साले, देठ – शेळीला घातले.' उरलेल्या नोंदी राख, केरातली माती, दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे आणि शाम्पूच्या पुड्या अशा होत्या. पाचव्या दिवशी लिहिले होते, 'आज ओला कचरा ० ग्रॅम.'

हे शून्य आम्हाला फार मोलाचे वाटले. पाच टेबले सांगत होती की घराघरात खतखड्डा करा. आणि ही वही सांगत होती की या चार घरांत खड्ड्यात टाकायला काही उरतच नाही, शेळी ते काम आधीच करते. मग तालुक्यातला कुजणारा कचरा आहे कुठे? खरा प्रश्न येथून सुरू होतो, आणि तो वजनकाट्याशिवाय सुचलाच नसता.

घराबाहेरचा कचरा

आमचा दुसरा आक्षेप याच्याशी जोडलेला आहे. पाचही प्रकल्पांत 'कचरा' म्हणजे घरातला कचरा. दुकान, खानावळ, बाजार आणि शेत यांचा पत्ताच नाही. दिंडोरी तालुका द्राक्षांचा आणि टोमॅटोचा. येथे धंद्यातून निघणारा कचरा अनेक तऱ्हांचा आहे. एप्रिलमधली खरडछाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी यांतून निघणाऱ्या काड्या. घडांना गुंडाळलेले वर्तमानपत्रांचे कागद. फाटलेला मल्चिंगचा कागद, ठिबकच्या जुन्या नळ्या. औषधांच्या बाटल्या. पॅकहाऊसमधले पुठ्ठे आणि प्लास्टिकच्या पिशव्या. वायनरीतून निघणारा द्राक्षाचा चोथा. बाजार उठल्यावर मागे उरणारा टोमॅटो आणि पालेभाजी.

यातल्या एकाच गोष्टीचा हिशेब वर्गात करून पाहू. बागेत दोन ओळींत ९ फूट आणि दोन वेलींत ५ फूट अंतर असेल, तर एका वेलीला ४५ चौरस फूट जागा मिळते. एकरात ४३,५६० चौरस फूट. म्हणजे एकरी ९६८ वेली. छाटणीच्या दिवशी दहा वेलींच्या काड्या मुलांनी तोलाव्यात आणि सरासरी काढावी. समजा ती दोन किलो आली, तर एकरी सुमारे दोन टन काडी झाली. प्रत्यक्षात कमी येईल किंवा जास्त. पण जो आकडा येईल तो मुलांचा स्वतःचा असेल. त्याशेजारी शंभर घरांच्या केराचे वजन मांडावे. कचऱ्याचा प्रश्न कोणाच्या दारात किती मोठा आहे, हे कोणी सांगायची गरज उरणार नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांनीही घर आणि मोठा कचरा-उत्पादक यांत फरक केला होता. दिवसाला सरासरी १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यावर त्यांनी वेगळी जबाबदारी टाकली होती. मुलांना मात्र आपण एवढेच शिकवतो की केळीचे साल कुठे टाकावे. मुलांचे वर्तन सुधारणे सोपे. बाजाराचा हिशेब मागणे अवघड. पण विज्ञानाने सोप्या बाजूला का राहावे?

'ओला' आणि 'सुका'

तिसरा आक्षेप शब्दांवर आहे. एका टेबलावर आम्ही वाळलेले पिंपळपान उचलून विचारले, "हे कोणत्या डब्यात?" मुलगा म्हणाला, "सुक्या." त्याचे चुकले का? भाषेच्या दृष्टीने नाही! पान सुकलेलेच होते. मग धुतलेली दुधाची पिशवी दाखवली. ती ओली होती, म्हणून ती 'ओल्या'त गेली.

ओला आणि सुका हे शब्द घंटागाडीसाठी सोयीचे आहेत. नव्वदीच्या दशकात शेजारच्या नाशिक महापालिकेने घंटागाडी सुरू केली आणि घंटा वाजली की डबा घेऊन बाहेर यायचे, ही सवय नाशिककरांना लागली. रस्त्यावर दोन सुटसुटीत शब्द पुरतात. वर्गात मात्र ते पुरत नाहीत. कारण येथे खरा प्रश्न ओलाव्याचा नसून जिवाणूंचा आहे : हा पदार्थ जिवाणू-बुरशींना खाता येतो की नाही? खाता येतो तो कुजणारा. येत नाही तो न कुजणारा. हे एकदा सांगितले की पिंपळपान आणि दुधाची पिशवी आपापल्या जागी जातात. मग पुढचा प्रश्न मुलेच विचारतात : करवंटी कुजायला इतका वेळ का लावते?

या शब्दांच्या घोळाचा परिणाम आम्ही एका शाळेच्या आवारातच पाहिला. मधल्या सुट्टीतले उरलेले अन्न आणि भाजीचा कचरा एका खड्ड्यात टाकला जात होता. 'ओला कचरा' म्हणून फक्त ओलेच. खड्ड्याला दुर्गंधी येत होती, अळ्या झाल्या होत्या आणि खत काही होत नव्हते. कुंपणापलीकडे, शंभर पावलांवर, द्राक्षाच्या काड्यांचा ढीग जळत होता. इकडे नत्र आणि पाणी कुजून वाया जात होते, तिकडे कार्बन धूर होऊन जात होता. दोघांना एकत्र आणायचे कोणाला सुचले नव्हते.

का एकत्र आणायचे? जिवाणूंना शरीर बांधायला नत्र लागते आणि ऊर्जेसाठी कार्बन. कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असेल, तर कुजण्याची क्रिया चांगली चालते. भाजीपाल्यात नत्र त्या मानाने जास्त, वाळलेल्या काड्या-पाचोळ्यात कार्बन फार जास्त. दुसरी गोष्ट पाण्याची. ढिगात ५० ते ६० टक्के ओलावा हवा. त्याहून जास्त झाला की कणांमधल्या फटी पाण्याने भरतात, हवा कोंडते आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात. दुर्गंधी त्यांचीच.

हिशेब करू. १० किलो भाजीच्या कचऱ्यात ८५ टक्के पाणी, म्हणजे ८.५ किलो. त्यात ६ किलो वाळलेल्या काडीची कुट्टी मिसळली. तिच्यात १५ टक्के पाणी धरले तर ते ०.९ किलो. एकूण १६ किलो मिश्रणात ९.४ किलो पाणी, म्हणजे सुमारे ५९ टक्के. दुर्गंधीचा खड्डा या बेरजेने सुधारतो. काडीत लाकूड असल्याने ती हळू कुजते. म्हणून थोडा शेणकाला घालावा आणि ढीग अधूनमधून उलथावा. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवावी. दोन-तीन दिवसांनी बाहेर काढल्यावर ती हाताला चटका देईल इतकी तापलेली असेल, तर काम सुरू झाले. उत्तम चाललेल्या ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते.

हे ज्ञान आपल्याला परके नाही. इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ मालापासून खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली ती दोघांच्या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. हॉवर्ड यांचे नाव जगभर झाले. वाडांचे नाव मराठी शाळांतही क्वचितच घेतले जाते. कपाशीच्या आणि तुरीच्या टणक काड्यांचे काय करायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी त्या शेतातल्या वाटेवर पसरल्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडू दिल्या. दिंडोरीच्या द्राक्षकाडीला आज ट्रॅक्टरवरचे कुट्टीयंत्र आहे, तत्त्व तेच. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी 'नाडेप' टाकी रूढ केली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोके. तिच्यात १,४०० ते १,५०० किलो काडीकचऱ्याला शेण लागते फक्त सुमारे १०० किलो. माती आणि पाणी यांचे थर देत ती भरली की तीन-चार महिन्यांत खत तयार होते. पाच टेबलांवर थर्माकोलची केंद्रे होती. नाडेपचे नाव एकावरही नव्हते.

टाकाऊतून धोका

आता सर्वांत गंभीर गोष्ट. एका टेबलावर रंगवलेली, फुले चिकटवलेली एक सुंदर पेनदाणी होती. आम्ही ती उचलून उलटी केली. तळाशी अर्धवट खरवडलेला लाल त्रिकोण दिसला. ती कीटकनाशकाची बाटली होती. मुलाने ती बागेच्या बांधावरून आणली, घरी धुतली आणि सुरीने कापली. कोणत्या पाण्यात धुतली, ते पाणी कुठे ओतले, सुरी पुढे कशाला वापरली, हे प्रश्न विचारताना आमचाच घसा कोरडा पडला. मुलाचा त्यात काही दोष नव्हता. 'टाकाऊतून टिकाऊ' हे त्याला आपणच शिकवले होते. काय टाकाऊच राहिले पाहिजे, ते शिकवायचे राहून गेले.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांत अशी रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून फोडावीत आणि वस्तीपासून दूर पुरावीत असे म्हटले आहे. फवारणी करणाऱ्याने बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतावे आणि बाटलीला भोके पाडावीत, हेही सर्वत्र सांगितले जाते. द्राक्षपट्ट्यातल्या शाळेत कचऱ्याचे दोन वर्ग शिकवून भागणार नाही. तिसरा, घातक कचऱ्याचा, वर्ग पहिल्याच दिवशी शिकवला पाहिजे. त्याचा नियम एकच : मुलांनी हात लावायचा नाही, मोजणीसाठीसुद्धा नाही. बाटल्या बांधावर किती पडल्या आहेत हे दुरून मोजावे, वहीत लिहावे आणि मोठ्यांना दाखवावे.

पुनर्वापर कोण करतो?

शेवटचा आक्षेप तीन बाणांच्या चिन्हावर. तक्त्यावर प्लास्टिकपासून बाण निघतो आणि पुन्हा प्लास्टिककडे येतो. मधला माणूस दिसतच नाही. प्रत्यक्षात तो बाण भंगारवाला, वेचक आणि वर्गवारी करणाऱ्या स्त्रिया आपल्या हातांनी फिरवतात. पुण्यात १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली, तेव्हा या कामाला श्रम म्हणून ओळख मिळू लागली. वेंगुर्ले नगरपरिषदेने कचऱ्याचे २७ प्रकार वेगळे करून दाखवले. तिथला कचरा डेपो लोक पाहायला जाऊ लागले. दोन डब्यांवर थांबलेल्या तक्त्यांना हे उदाहरण पुरेसे आहे.

मुलांना गावातल्या भंगारच्या दुकानात न्यावे. तिथला भावफलक हा पुनर्वापराचा सर्वांत खरा धडा. पुठ्ठ्याला भाव आहे, वेफर्सच्या पाकिटाला नाही, का? कारण त्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सुटे करणे परवडत नाही. एक सोपा प्रयोगही करता येतो. न वापरलेल्या ठिबक नळीचा आणि पीव्हीसी पाइपचा एकेक तुकडा पाण्यात टाकावा. नळी पॉलिथिनची, म्हणून तरंगते, पीव्हीसी बुडते. घनता हा सातवी-आठवीतला धडा कारखान्यात प्लास्टिक वेगळे करायला असाच वापरतात. दोन्ही तुकडे दिसायला काळे-करडे 'प्लास्टिक'च. पण पीव्हीसीत क्लोरीन असते आणि ते जाळले तर हायड्रोजन क्लोराइडसारखे घातक वायू निघतात. हे कळल्यावर बांधावरचा धूर मुलांना वेगळा दिसू लागतो.

आमचा वाटा

इतकी टीका केल्यावर आमचाही दोष सांगितला पाहिजे. पूर्वी एका प्रदर्शनात अशाच एका थर्माकोलच्या केंद्राला आम्ही पहिला क्रमांक दिला होता. त्यात दिवे लागत होते, पट्टा फिरत होता. परीक्षक ज्याला गुण देतात, तेच पुढच्या वर्षी टेबलावर येते. गुणपत्रिकेत 'मांडणी' आणि 'नावीन्य' यांना रकाने असतात. 'मोजमाप' याला बहुधा नसतो. तो असावा आणि निम्मे गुण त्यालाच असावेत, असे आमचे मत आहे. चाळीस मुलांच्या वर्गाने सात दिवस नोंद ठेवली तर २८० नोंदी होतात. मोठ्या ढिगाचा नमुना घ्यायचा तर ढीग मिसळून त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवावेत, पुन्हा मिसळावेत आणि तोलण्याजोगा होईपर्यंत हेच करावे. एवढ्यावर गावाचा पहिला खरा आकडा हाती येतो आणि तो ग्रामपंचायतीपुढे किंवा नगरपंचायतीपुढे ठेवता येतो.

सहाव्या टेबलासाठी आम्ही भांडलो. सहपरीक्षकांचे म्हणणे, "यात दाखवण्यासारखे काही नाही, आणि निष्कर्षही लिहिलेला नाही." शेवटी त्या मुलीला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळाले. निष्कर्ष का लिहिला नाहीस, असे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, "सर, सातच दिवस झालेत. आता छाटणी लागेल, तेव्हा परत तोलायचंय."

तिच्या वहीची साठ पाने अजून कोरी होती.